दाक्षिण्याची ओवाळणी

"हल्ली शिव्हलरी म्हणून काही राहिलीच नाही हो!"

गेल्या दिवाळीत एका स्नेह्यांच्या घरी फराळाला गेलो होतो, तेव्हाचे हे उद्गार. स्नेही तक्क्याला टेकून बसले होते, हातात चकली होती आणि मुद्रेवर एखादे साम्राज्य बुडाल्याचे दुःख होते. तक्रार अशी, की त्या दिवशी बसमध्ये एक बाई उभी होती आणि बसलेल्या कॉलेजकुमारांपैकी एकानेही तिला जागा दिली नाही. "आमच्या वेळी असे नव्हते," असे ते म्हणाले, आणि आम्ही चौघांनी, तोंडात अनारसा असल्यामुळे, नुसत्या माना डोलवून दुजोरा दिला. ह्या सबंध वेळात त्यांच्या सौभाग्यवती स्वयंपाकघर आणि दिवाणखाना ह्यांच्या मध्ये आठव्या की नवव्या खेपेला उभ्याच होत्या. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाणी तापवण्यापासून त्या उभ्या असाव्यात. त्यांना "बसा" म्हणावयाचे आम्हा पाच शिव्हलरीभक्तांपैकी एकालाही सुचले नाही. मलाही सुचले नाही, हे आधीच कबूल करून टाकतो; नाही तर पुढचे सारे लिहिणे म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्याच चकलीला नावे ठेवणे होईल.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून गेला नाही. ज्या शब्दासाठी आपण इतके हळहळतो, तो मुळात कोण, कुठला, त्याने आजवर काय काय केले, ह्याची एकदा झडती घ्यावी असे ठरवले. वाचकहो, झडतीत जे सापडले ते आपणांपुढे ठेवतो. सणासुदीला हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण तो सणाचाच आहे, हे शेवटी दिसेल.

शिव्हलरी हा शब्द घोड्याच्या पोटी जन्माला आला. लॅटिन भाषेत 'काबाल्लुस' म्हणजे ओझ्याचे साधे तट्टू. त्यावरून फ्रेंचांचा घोडा झाला, घोड्यावरून घोडेस्वार झाला आणि घोडेस्वाराच्या रीतीभातींना शिव्हलरी हे नाव पडले. ह्याच तट्टाची आणखी दोन शिंगरे इंग्रजीत नांदत आहेत. एक 'कॅव्हलरी', म्हणजे घोडदळ. आणि दुसरे 'कॅव्हेलियर', ज्याचा आजचा अर्थ बेफिकीर, दुसऱ्याची पर्वा न करणारा असा आहे. सौजन्य आणि मग्रुरी ही दोन भावंडे एकाच तबेल्यातली, हे प्रथमच ध्यानात ठेवलेले बरे.

घोडा आणि चिलखत पदरी बाळगणे हे मध्ययुगातल्या युरोपात कोणा येरागबाळ्याचे काम नव्हते. घोड्यावर जमीनदार आणि जमिनीवर कुळे, अशी ती वाटणी. घोड्यावरच्या माणसाचा खालच्या माणसाला केवढा उपद्रव होता, ह्याचा पुरावा धर्मसभांच्या ठरावांत आहे. ९८९ साली फ्रान्समधल्या शारू येथे बिशपांनी एकत्र येऊन, देवळे लुटणाऱ्यांना, निःशस्त्र धर्मगुरूंना मारणाऱ्यांना आणि गोरगरिबांची गुरे पळवणाऱ्यांना शाप दिले. गुरे पळवणारे कोण? हेच घोडेस्वार. पुढे त्यांना वेसण घालण्यासाठी जे अनेक उपाय झाले, त्यांत शिव्हलरीची आचारसंहिता हा एक. दुर्बळांचे रक्षण कर, शरण आलेल्याला मारू नकोस, शब्द पाळ. हेतू चांगला होता, ह्यात वाद नाही. वाद आहे तो, 'दुर्बळ' म्हणून कोणाकोणाला मोजले, ह्याबद्दल.

इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड, ज्याला पुढे 'ब्लॅक प्रिन्स' म्हणू लागले, त्याची गोष्ट पाहा. १३५६ साली प्वातियेच्या लढाईत फ्रान्सचा राजा जॉन त्याच्या हाती कैद सापडला. त्या रात्री राजपुत्राने पराभूत राजाला मेजवानी दिली, स्वतः उभे राहून त्याला वाढले आणि "आपल्या पंक्तीला बसण्याची माझी योग्यता नाही" अशा अर्थाचे बोलून बसण्याचे नाकारले. फ्रॉयसार ह्या बखरकाराने हा प्रसंग मोठ्या प्रेमाने रंगवला आहे. आता चौदा वर्षे पुढे चला. १३७० साल, लिमोज शहर. शहर फितुरीने शत्रूकडे गेले होते; ते परत घेतल्यावर काय झाले, हे तोच फ्रॉयसार सांगतो. बायकामुले गुडघे टेकून दयेची भीक मागत होती. आजारी असल्यामुळे पालखीत बसून आलेल्या राजपुत्राने ऐकले नाही. तीन हजारांवर माणसे कापली गेली, असे तो लिहितो. आजचे इतिहासकार तो आकडा तीनशेच्या आसपास आणतात आणि बखरकाराने रंग चढवला असेही म्हणतात. परंतु मला महत्त्वाची वाटते ती त्याच हकिकतीतली पुढची ओळ. शेवटी राजपुत्राचा राग निवळला तो कशाने? तीन फ्रेंच सरदार शौर्याने लढताना पाहून! गुडघे टेकलेल्या बायकांनी जे साधले नाही, ते बरोबरीच्या तीन तरवारींनी साधले.

हा नुसता एका माणसाचा स्वभावदोष नव्हे. ह्या आचाराचा पायाच तसा होता. बाराव्या शतकाच्या अखेरीस आंद्रेआस नावाच्या एका पाद्र्याने सरदारी प्रणयाचे शास्त्र लिहिले. थोर घरच्या स्त्रीपुढे कसे झुकावे, शब्द कसे तोलावेत, तिच्या नकाराचा मान कसा राखावा, ह्याची त्यात पानेच्या पाने आहेत. आणि शेतकऱ्याच्या बायकांसाठी? त्यांच्यासाठी एक चिमुकले प्रकरण आहे, आणि त्यातला सल्ला असा, की तिथे फार आर्जव करीत बसू नये, थोडी जबरदस्ती करावयास हरकत नाही. तो पाद्री हे गंभीरपणे लिहीत होता की उपहासाने, ह्यावर विद्वानांचा वाद आहे. उपहास असला, तरी तो ज्या रीतीचा होता ती रीत काही हवेतली नसणार.

बंदुकीची दारू आली, आणि घोड्यावरचा चिलखती वीर लढाईत निरुपयोगी ठरू लागला. १६०५ साली सर्व्हान्तेसने त्याला 'डॉन किहोते' करून पवनचक्क्यांशी लढावयास पाठवले आणि साऱ्या युरोपाने पोट धरून हसून घेतले. खरे म्हणजे ह्या शब्दाचे उत्तरकार्य तेव्हाच व्हावयाचे. पण झाले उलटेच. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांना शिव्हलरीचा पुन्हा उमाळा आला. वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या वाचून तृप्ती होईना, म्हणून १८३९ साली स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनच्या सरदाराने जुन्या पद्धतीच्या, घोड्यावरून भाल्यांनी झुंजण्याचा प्रचंड थाटाचा उत्सव मांडला. नेमका त्या दिवशी मुसळधार पाऊस कोसळला आणि मध्ययुगातले वीर छत्र्यांखाली उभे राहिले.

हे हसण्यावारी नेता आले असते. परंतु ज्या काळात इंग्लंडातला सभ्य गृहस्थ बाईसाठी दार उघडून धरू लागला, त्याच काळात तिथला कायदा काय होता? लग्न झाले की बाईची जंगम मिळकत नवऱ्याची. तिने कमावलेला पगारसुद्धा नवऱ्याचा. ह्यात पहिला बदल १८७० साली झाला आणि पुरता बदल व्हावयास १८८२ साल उजाडले. दार उघडून धरणाऱ्याच्या खिशात तिजोरीची किल्ली होती. ही अदलाबदल एका बाईने फार आधी ओळखली होती. १७९० साली एडमंड बर्कने फ्रान्सच्या राणीच्या दुर्दशेवर अश्रू ढाळीत शिव्हलरीचे युग संपल्याचा शोक केला, तेव्हा त्याला सर्वांआधी ज्यांनी छापील उत्तर दिले त्यांत मेरी वुलस्टनक्राफ्ट होती. १७९२ साली तिने स्त्रियांच्या हक्कांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. बायकांना हे जे क्षुल्लक मानपान मिळतात, तेच त्यांना खाली ठेवण्याचे साधन आहे, हे तिचे त्यातले म्हणणे. सव्वादोनशे वर्षे उलटून गेली. अजून त्याला कोणी धड उत्तर दिलेले नाही.

आता प्रतिपक्षाचे सर्वांत भारी अस्त्र येणार, हे मला ठाऊक आहे. "आणि टायटॅनिक? बायकामुलांना होड्यांत बसवून शांतपणे बुडालेले ते पुरुष?" त्या पुरुषांपुढे मी मान लववितो, मरणाची थट्टा करणारा मी नव्हे. परंतु १९१२ सालच्या ब्रिटिश चौकशीचे आकडे आपण एकदा पाहावेत. पहिल्या वर्गातल्या १४४ स्त्रियांपैकी १४० वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या १६५ स्त्रियांपैकी वाचल्या ७६. तिसऱ्या वर्गातली मुले होती ७९, वाचली २७. 'बायका आणि मुले आधी' हा हुकूम खरा, पण समुद्रालाही तिकिटाचा वर्ग कळत होता असे दिसते. पुढे २०१२ साली स्वीडनमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच्या अठरा जहाजदुर्घटनांचा हिशेब केला. एकंदरीत बायका पुरुषांपेक्षा कमी वाचल्या, आणि सर्वांत जास्त वाचले ते खुद्द बोटीवरचे खलाशी! बायकांचा पाड लागला तो मुख्यतः जिथे कप्तानाने तसा हुकूम सोडला तिथे. म्हणजे माणसे वाचवली ती अंतःकरणातल्या शिव्हलरीने नव्हे. वाचवली ती हुकुमाने, आणि तो बजावणाऱ्याच्या करारीपणाने.

हा शब्द आपल्याकडे आला तेव्हा आपण त्याचे बारसे 'स्त्रीदाक्षिण्य' असे केले. नाव ठेवणाऱ्याने शब्द मोठा सूचक निवडला. दक्षिण म्हणजे उजवा, निष्णात, सरळ, दुसऱ्याचे मन राखणारा. पण संस्कृत साहित्यशास्त्रात 'दक्षिण नायक' कोणाला म्हणतात, हे पाहण्याची तसदी फार थोडे घेतात. दहाव्या शतकातल्या धनंजयाने 'दशरूपका'त नायकाचे प्रकार सांगितले आहेत. त्यात दक्षिण नायक तो, की ज्याचे मन दुसरीवर गेले आहे, पण पहिलीशी जो पूर्वीइतकाच गोड वागतो! काढून घेतले आहे त्याची भरपाई गोड बोलण्याने करणारा, तो दक्षिण. आमच्या पूर्वजांनी शिव्हलरीचे मर्म इंग्रज येण्यापूर्वी कित्येक शतके ओळखून ठेवले होते, असेच म्हणावे लागते.

दाक्षिण्य कायद्यात शिरले म्हणजे काय होते, त्याचाही एक नमुना आपल्या घरचा आहे. १८६० च्या दंडसंहितेत व्यभिचाराचे ४९७ वे कलम होते. त्यात शिक्षा फक्त परपुरुषाला. बाईला साथीदार म्हणूनही शिक्षा नाही. केवढे हे दाक्षिण्य! ह्यामुळे पुरुषांवर अन्याय होतो, अशी तक्रार मुंबई राज्यातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि १९५४ साली न्यायालयाने निकाल दिला, की स्त्रियांसाठी विशेष तरतूद करावयास घटनेची मुभा आहे. पण कलम नीट वाचणाऱ्याला त्यातली मेख दिसत होती. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता. तक्रार नवऱ्याने करावयाची. ज्याने परस्त्रीशी संबंध ठेवला त्याच्या बायकोला मात्र ती करण्याची सोय नव्हती. म्हणजे हे दाक्षिण्य नव्हते, मालमत्तेचे संरक्षण होते. चोरी झाली तर चोराला पकडतात. चोरीस गेलेल्या भांड्याला कोणी कोठडीत घालीत नाही. हे उघडपणे मान्य होऊन ते कलम रद्द व्हावयास २०१८ साल यावे लागले.

तीच गोष्ट रात्रपाळीची. १९४८ च्या कारखाना कायद्याने बायकांना रात्री कारखान्यात कामाला लावण्यास मनाई केली होती. कारण रात्र त्यांच्यासाठी सुरक्षित नव्हे. छान. मग इस्पितळातल्या परिचारिकांची रात्र कोणत्या पंचांगातली होती? रोग्यांच्या उशाशी त्या रात्रभर उभ्या राहिल्या, त्याबद्दल कोणाचेही दाक्षिण्य जागे झाले नाही. कारण तिथे त्या नसत्या तर आपली गैरसोय झाली असती.

"मग आपल्याकडे चांगले काहीच नव्हते काय?" असे कोणी रागाने विचारील. होते. त्याला दाक्षिण्य हे नाव मात्र नव्हते. ह्या विषयावर कोणी बोलू लागला, की कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट हमखास निघते. त्या गोष्टीबद्दल इतिहासकार साशंक आहेत. आणि खरे सांगावयाचे तर आपल्याला तिची गरजही नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र आपल्या हाती आहे, आणि ते पत्र, योगायोग पाहा, घोड्यांविषयीच आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणावैरण आताच उधळलात तर पुढे घोडी उपाशी मरतील, आणि मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजी. तसे झाले तर त्या गरिबांना तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. असा त्या पत्राचा आशय आहे. गवताच्या गंजीला आग लागू नये म्हणून उंदराने पळवलेल्या दिव्याच्या वातीपर्यंत त्यात विचार केलेला आहे.

वाचकहो, युरोपातल्या त्या सगळ्या शिव्हलरीपुढे हे एक रुक्ष पत्र ठेवून पाहा. त्यात कोणापुढे गुडघा टेकणे नाही की रुमाल झेलणे नाही. घोड्यावरच्या माणसाने पायी चालणाऱ्याच्या भाजीला हात लावावयाचा नाही, लावला तर जाब द्यावा लागेल, एवढेच आहे. कुणब्याने त्याबद्दल आभार मानावेत अशी अपेक्षाही नाही. कारण भाजी त्याचीच आहे. दाक्षिण्य आणि न्याय ह्यांतला फरक मला तरी ह्याहून सोपा करून सांगता येणार नाही. दाक्षिण्यात देणारा मोठा होतो आणि घेणाऱ्याने कृतज्ञ राहावयाचे असते. न्यायात ज्याचे त्याला मिळते, आणि कोणीच मोठे होत नाही. म्हणूनच मोठे होण्याची हौस असलेल्यांना न्यायापेक्षा दाक्षिण्य अधिक रुचते.

आता सणाकडे येतो. परवा भाऊबीज. बहिणी येतील, पाटाभोवती रांगोळी निघेल, निरांजन पेटेल. आणि ओवाळणीच्या ताटात साडी पडेल, पाकीट पडेल. ह्या सोहळ्यासारखा गोड सोहळा आपल्या वर्षात दुसरा नाही, आणि त्यावर विरजण घालण्याची मला मुळीच इच्छा नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे, की दिवाळी संपून कचेऱ्या उघडल्या म्हणजे दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणीला घेऊन कोण जातो? तोच भाऊ. कशासाठी? हक्कसोडपत्रावर सही करावयास!

वडिलांच्या मिळकतीत मुलीला वाटा असावा, हे म्हणता म्हणता आपल्या देशाची किती वर्षे गेली. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण होते. १९५६ च्या वारसा कायद्याने वडिलांच्या स्वकष्टार्जितात मुलीला वाटा दिला. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली सबंध देशाचा कायदा बदलला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उरलीसुरली शंका मिटवली. कायद्याचे काम झाले. आता उरले आहे ते फक्त भावाचे काम, आणि भाऊ म्हणतो, "ताई, एवढी सही कर."

ह्यावर तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, "तिच्या लग्नात खर्च केला." भावाच्या लग्नात मांडव फुकट पडला होता काय? आणि तिच्या लग्नात जे दिले ते तिच्या सासरी गेले. तिच्या हाती किती उरले, हे तिलाच विचारा. दुसरे उत्तर, "वाटे पडले तर जमिनीचे तुकडे होतील." चार भावांत वाटणी होते तेव्हा हे भूमितीचे प्रेम कुठे असते? तिसरे उत्तर सर्वांत नाजूक: "ती खुशीने सोडते आहे." असेल. पण खुशी ओळखण्याची एक साधी खूण आहे. तिने सही केली नसती, तर पुढच्या भाऊबीजेला माहेरचे दार तिला असेच उघडे असते काय? उत्तर 'नाही' असेल, तर ती सही खुशीची नव्हे. ती माहेराची किंमत आहे. आणि ओवाळणीची साडी ही त्या व्यवहाराची पावती.

हे बदलता येत नाही असे नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या झेंड्याखाली बायकांचे प्रचंड अधिवेशन भरले, आणि पुढे त्याच संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढून शेतकऱ्यांना आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावयास लावला. ज्यांनी केला ते साधे शेतकरी होते. शिव्हलरी हा शब्द त्यांनी ऐकलाही नसेल.

शेवटी माझ्या घरचे सांगतो, कारण सुरुवातीला कबुलीचे वचन दिले आहे. वडील जाऊन दोन वर्षे झाली. गावाकडे थोडी जमीन आणि जुने घर आहे. वारसनोंद करावयाची होती. आप्तांनी सल्ला दिला, "बहिणीचे हक्कसोड करून घे, ती काय नाही म्हणणार आहे?" मी तिला फोन केला. अजून काही बोललोही नव्हतो, तोच ती म्हणाली, "दादा, सही कुठे करायची ते सांग. रजा काढून येते."

वाचकहो, त्या तयारीने मी जितका खजील झालो तितका कोणाच्या शिव्यांनीही झालो नसतो. मी मागण्यापूर्वीच ती सोडावयास बसली होती. आमच्या दोन्ही आत्यांनी अशाच सह्या केल्या होत्या. ते कागद वडिलांच्या पेटीत मी पाहिले आहेत. त्यांना दर भाऊबीजेला काठापदराची लुगडी मिळत, आणि वडील किती दाक्षिण्याने वागतात असे सारा गाव म्हणे. गावाचे म्हणणे खरेच होते.

मी तलाठ्याकडे दोन्ही नावे दिली. एक चुलतभाऊ अजून माझ्याशी बोलत नाही. बहीणही गोंधळली, "अरे, लोक काय म्हणतील?" असे तिने तीनदा विचारले. सातबाऱ्यावर नाव चढल्यावर मात्र तिने तो उतारा मागवून घेतला आणि, भाचीने सांगितले म्हणून कळले, रात्री दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ वाचीत बसली.

परवा ती ओवाळावयास येईल. मी साडी आणली आहे. ह्या वेळी ती फक्त साडी आहे. आणि ती आली की तिला आधी बसा म्हणावे, चहा मी टाकावा, असाही बेत आहे. जमतो का पाहू, सवय नाही.